डाव्या अंगाला लादलेलं घर

आमची याडी, म्हणजे माझी सासू रुख्मिणीबाई, तीन वर्षं तांड्याबाहेर पडली नव्हती. लोकांना वाटायचं गुडघ्यांमुळं. गुडघे दुखतात हे खरं, पण खरं कारण मला ठाऊक होतं. शेवटच्या वेळी कळमनुरीहून एस.टी.नं येताना मीच तिच्या शेजारी बसले होते. शुगर झाल्यापासून तिला लघवी थांबवता येत नाही. स्टँडवर बाईमाणसानं जावं अशी जागा नव्हती, मधेच गाडी थांबवायला सांगायची लाज वाटली, आणि लुगडं भिजलं. मी माझी शाल तिच्या कमरेला गुंडाळली. दोघी तांड्याजवळच्या डोंगरकडा गावात उतरलो. त्याआधी ती प्रवासाच्या आदल्या सांजेपासून पाणी पिणं बंद करायची. त्या दिवसापासून तिनं प्रवासच बंद केला.

तिची मोठी बहीण पारूबाई साखऱ्याजवळच्या तांड्यावर राहते. पारूमावशीला फोनवर ऐकू येत नाही. कानाला तोंड लावून बोललं तर येतं. म्हणजे या तीन वर्षांत दोघी बहिणी एक शब्द बोललेल्या नव्हत्या. आठ दिवसांपूर्वी मावशीच्या लेकाचा, जगनचा फोन आला. तो पुण्याला कंपनीत आहे. आईला आता कायमचं तिकडं नेतोय म्हणाला. बुधवारी संध्याकाळी पाचला सेनगावहून ट्रॅव्हल्स.

याडी चुलीपुढं बसली होती. "मंग बुधवारच्या आदी जायला पायजे," एवढंच म्हणाली, आणि भाकरी उलटायची राहिली.

माझा नवरा विकास हिंगोलीत गाड्यांच्या बॉडीचं काम करतो. एका शाळेची जुनी सतरा सीटची गाडी त्यानं भंगारातून सोडवली होती आणि दोन वर्षं सुट्टीच्या दिवशी ठोकठोक करून तिचं घर केलं होतं. आत दोन बिछाने, गॅसची शेगडी, खिडकीला पडदे, मागं दोनशे लिटरची पाण्याची टाकी. मी एकच गोष्ट मागितली होती, दार लागेल असा संडास. तांड्यातल्या हिरासिंगकाकाला त्याचं फार हसू यायचं. "विक्या, लोकं अजून घरात बांधून नाई राहिले, आन तू गाडीत बांधून राहिला." संडास कुणासाठी, हे विकासला मी सांगितलं होतं. बाकी कुणाला नाही. गाडीचे कागद नुकतेच हातात आले होते. पहिला प्रवास साखऱ्याचा ठरला.

बुधवारी पहाटेच सामान चढायला लागलं.

आमच्याकडं शेतात पिकेल त्यातला वानवळा आधी लेकीबहिणींच्या घरी जातो. रिकाम्या हातानं बहिणीच्या दारात उभं राहायचं हे याडीच्या डोक्यात बसणारंच नाही. हळद नुकतीच पॉलिश होऊन आली होती. दोन पोती हळद, एक पोतं हरभरा, तुरीची डाळ, सहा लालभोपळे.

"याडी, मावशी तर पुण्याला चाललीय," मी म्हणाले. "एवढ्या हळदीचं ती काय करील?"

"काहून, पुण्यात बिनहळदीचं खातेत?"

हिरासिंगकाका अर्धं पोतं शेंगा घेऊन आले. त्यांचा भाचा पुण्यात असतो. गाडी जाऊनच राहिली तर जगनसंगं त्याच्यासाठी जाऊ द्या म्हणाले. जगन ट्रॅव्हल्सनं जाणार आहे, हे त्यांना कोण सांगणार.

सामान लादायचं काम माझ्या सासऱ्यांचं, धर्मसिंगबांचं. त्यांचे पणजे बैलांच्या पाठीवर धान्य-मीठ लादून मुलूखभर फिरायचे, त्याला लदेणी म्हणत. ती लदेणी बांनी डोळ्यांनी पाहिलेली नाही, पण बोलताना कालच बैल सोडून आल्यासारखे बोलतात. प्रत्येक पोतं हातानं तोलून एक डाव्या बाजूला, एक उजव्या बाजूला. तीन भोपळे इकडं, तीन तिकडं. शेवटी एक भोपळा मोठा निघाला तर त्याच्यासमोर डाळीचा डबा सरकवला.

"आता तराजू लाव," ते विकासला म्हणाले. "पाव किलोचा फरक निघणार न्हाई. लादणं रगतात असावं लागतं."

पुढं बिछाने, तिथं याडीला पाय पसरायचे, म्हणून सगळं सामान मागं, टाकीला चिकटून. बराबर दिसत होतं. मीसुद्धा मान डोलावली.

सात वाजता निघालो. याडी खिडकीशी बसली. मी तिला पाण्याचा तांब्या दिला आणि तिनं तो सगळा प्यायला. कळमनुरी येईपर्यंत ती एकदा उठून मागं जाऊन आली, आणि आली तेव्हा पदरानं तोंड पुसत उगीचच शेताकडं बघत होती.  माझी निलम तीन वर्षांची आहे. तिनं आजीच्या मांडीवर डोकं ठेवून विचारलं, "आजी, आपलं घर कुटं चाललं?"

"तुज्या मोठ्या आजीकडं."

"मंग आपन आलो की घर परत येनार?"

"येनार बाई. त्याला चाकं हायेत."

हिंगोली झालं, सेनगाव झालं. साखरा सहा-सात किलोमीटर राहिलं असेल, तेव्हा मागून मोठा आवाज झाला आणि गाडी उजवीकडं बसल्यासारखी झाली. विकासनं हळूहळू कडेला घेतली. साडेअकरा वाजले होते. चैत्राचं ऊन डांबरावर नुसतं नाचत होतं.

या गाडीला मागं दोन्हीकडं जोडचाकं आहेत, एक आतलं, एक बाहेरचं. उजव्या जोडीतलं आतलं टायर फाटून त्याच्या चिंध्या झाल्या होत्या. पंक्चर असतं तर गोष्ट वेगळी. हे कामातूनच गेलं होतं.

"स्टेपनी हाय ना," मी म्हणाले.

"हाय की. मागच्या दाराशी." विकास दार उघडून आत वाकला आणि वाकलेलाच राहिला. "बा, इथली स्टेपनी कुटंय?"

बा रस्त्यापलीकडं बघत होते. "कंची?"

"इथं ठिवल्याली. चाक."

"ते व्हय. ते घरी हाय, गोठ्यात." मग थोडं थांबून म्हणाले, "दुसऱ्या पोत्याला जागा होईना. खाली सहा चाकं हायेत, सातवं वर कशाला न्यायचं म्हनलं."

विकास आपल्या बापापुढं आवाज चढवत नाही. तो गाडीला एक फेरी मारून आला. दुसरी फेरी मारून आला. मग त्यानं सेनगावच्या टायरवाल्याला फोन लावला. या मापाचं टायर दुकानात नव्हतं. हिंगोलीहून मागवतो, चारपर्यंत येईल म्हणाला.

याडी पायरीवर बसून सगळं ऐकत होती. "चारला टायर. पाचला तिची गाडी," ती म्हणाली.

मी जगनला फोन लावला. "वहिनी, कशाला तकलीफ घेता," तो म्हणाला. "आमी साडेचारला सेनगावला येतोच जीपनं. तिथंच भेटा की स्टँडवर."

मी याडीला सांगितलं. तिनं मान हलवली. "स्टँडवर भोंगे वाजत असतेत. तिला काय ऐकू येईल? नुसतं तोंड बघून यायचं का?" आणि जगननं मोटारसायकलवर न्यायला यावं, तर याडीच्यानं मोटारसायकलवर बसवत नाही.

रस्त्याच्या कडेलाच एक आखाडा होता. शेतातलं साधं घर, पुढं लिंबाचं झाड, झाडाखाली म्हैस. तिथून एक पागोटं बांधलेला माणूस आला आणि मागं त्याची बायको, हातात पाण्याची कळशी. संतराम आणि सखूबाई. सखूबाईनं आधी निलमला उचललं आणि सावलीत नेलं, मग आमची चौकशी केली. संतराम गाडीच्या मागं जाऊन उभे राहिले. मग बाजूला जाऊन, एक डोळा मिटून, गाडीकडं बघत राहिले.

"पाव्हनं, सामान कुनी भरलं?"

"मी," बा म्हणाले.

"गाडी उलाळ केली की तुमी."

बांना तो शब्द माहीत नव्हता. संतरामनं समजावून सांगितलं. बैलगाडीत मागं वजन जास्त झालं की पुढचं जू वर उचलतं, बैलांच्या मानेला फास बसतो. त्याला उलाळ म्हणतात. "सगळं वझं ह्या मागच्या चाकावर आलंय. पुढं पाखरू बसल्यावानी हलकं. उन्हाचं टायर फुटंल न्हाई तर काय करंल?"

"दोन्ही अंगं बराबर हायेत," बा म्हणाले. "तराजू लावा."

"डावं-उजवं बराबर हाय, त्येला मी काय म्हनत न्हाई. पर मागं-पुढं?"

बा मागच्या चाकाकडं बघायला लागले. मला त्यांची मनापासून दया आली, आणि हसूही आलं, म्हणून मी निलमच्या केसांत तोंड लपवलं. बैलाच्या पाठीला डावं आणि उजवं, एवढंच असतं. पिढ्यानपिढ्या बांच्या घरानं तेवढंच तोललं होतं. गाडीला मागं-पुढं असतं हे संतरामला लहानपणापासून माहीत, कारण त्यांच्या घरात बैल जुंपायचे, लादायचे नाहीत.

"आमच्या बापजाद्यानं गाडी हाकली न्हाई," बा शेवटी म्हणाले. "बैल लादले."

"मंग ह्येला बैल समजू नका," संतराम म्हणाले. "चला, उतरवू."

विकासनं हिशोब सांगितला. फाटलेलं टायर काढून टाकायचं, बाहेरचं चाक आत बसवायचं. पाच चाकांवर गाडी चालेल, पण उजव्या मागच्या एकट्या चाकावर भार येता कामा नये. सगळं उतरवून गाडी रिकामी करायची, आणि तरीही पंधराच्या वर वेग न्यायचा नाही. "आन परत सेनगावला जायचं. पुढं साखऱ्याला गेलो आन हे बी टायर फुटलं, तर आपन तिथंच. मावशी बी चुकंल आन घर बी." हे तो खाली बघत बोलला, कारण आई समोर बसली होती.

 याडीनं पोत्यांकडं पाहिलं. मग मला जवळ बोलावलं आणि हळूच म्हणाली, "शिवकन्या, तू सांग. गेलं तर चालंल का?"

तिनं मला असं कधी विचारलं नव्हतं. मी काय टायरमधली जाणकार. पण तिचा हात माझ्या मनगटावर घट्ट होता. मी विकासला म्हणाले, "निलमचे पप्पा, मागं गेलो तरी पाच चाकांवरच जायचंय ना? मंग तेच चाक तेवढंच पुढं न्या. मागं जायला जादा अंतर हाय."

तो हसला. "परत येताना बी तेच चाक लागंल."

"ते परत येताना बगू."

"हळद?" बांनी विचारलं.

याडी उठली. तिनं स्वतः एका पोत्याला हात लावला. "उतरवा," ती म्हणाली. "आज मी जाते. हळद मागून जाईल."

मग कामाला लागलो. जॅकखाली फळी लागत होती, ती संतरामनं आणली. पोती, शेंगा, डाळ, भोपळे, सगळं लिंबाखाली गेलं. टाकीचं पाणी सोडायचं ठरलं, तेव्हा सखूबाई म्हणाली वाया काहून घालता, आणि म्हशीच्या हौदाला पाईप लावला. दोन बादल्या तेवढ्या मी याडीसाठी ठेवून घेतल्या आणि संडासाच्या दाराच्या आत झाकून ठेवल्या. याडीनं हळदीचं एक पोतं सोडून सखूबाईच्या सुपात चार ओंजळी ओतल्या. सखूबाई नको नको म्हणत सूप पुढं करत होती.

पण गादी, शेगडी, सिलेंडर, भांड्यांची पेटी, हे गाडीतच राहणार होतं. ते हलवायचं होतं. पुढं, आणि उजव्या चाकाचा भार कमी व्हावा म्हणून डाव्या अंगाला.

"सगळं डाव्या अंगाला?" बांनी विकासला दोनदा विचारलं.

"सगळं."

बांनी सिलेंडर उचलला आणि डावीकडं ठेवला. भांड्यांची पेटी डावीकडं ठेवली. उजवीकडं मोकळी जागा दिसली की त्यांचा हात आपोआप तिकडं जायचा, मग परत यायचा. संतराम दारात उभं राहून "थोडं पुढं, अजून पुढं" म्हणत होते. संपल्यावर बा खाली उतरले, लांब जाऊन उभे राहिले, आणि त्यांनीही एक डोळा मिटून पाहिलं.

"जन्मात पैल्यांदा वाकडं लादलं," ते म्हणाले. "कुनी इचारलं तर माझं नाव सांगू नका."

"माझं सांगा," संतराम म्हणाले. "मला कोन वळखत न्हाई."

दीड वाजता निघालो. विकासनं काटा पंधरावर धरला. सायकलवरची एक मुलगी आमच्या पुढं निघून गेली आणि निलमनं तिला टाटा केला. प्रत्येक खड्ड्याला बा "डावीकडं, डावीकडं" म्हणत होते आणि आम्ही सगळे डावीकडं कलत होतो. याडीही कलत होती. एकदा तर ती माझ्यावर पडली आणि दोघी हसलो. तिला इतकं हसताना मी निलमच्या बारशालाच पाहिलं होतं.

तांड्यावर पोचलो तर पारूमावशीच्या दारात बायांची गर्दी. निरोपाला आलेल्या. मावशी खाटेवर बसली होती, पायाशी दोन पिशव्या. याडी हळूहळू चालत गेली आणि खाटेपाशी थांबली. हात पुढं करून दाखवले आणि मावशीच्या कानाशी वाकून मोठ्यानं म्हणाली, "बाई, रिकाम्या हातानं आले. हळद रस्त्यात उतरवली."

मावशीनं तिला आधी नीट न्याहाळलं. "बरं झालं," ती म्हणाली. "जगन्या मला दोनच पिशव्या घिऊ देतोय. तुजी हळद काय मी डोक्यावर धरून बसले असते?" आणि मग तिनं याडीचा हात ओढून तिला खाटेवर बसवलं.

पण बोलणं काही होईना. एक बाई उठली की दुसरी येऊन बसायची. कुणी कुंकू लावत होतं, कुणी ओटी भरत होतं, कुणी रडत होतं. तास असाच गेला. याडी बहिणीच्या पदराचं टोक धरून नुसती बसली होती, गर्दीत चुकू नये म्हणून लेकरू आईचा पदर धरतं तसं.  एवढं करून आलो आणि दोघींना चार शब्द मिळेनात.

मी जगनला बाजूला घेतलं. "जीप सोडा. मावशीला आमी सेनगावला सोडतो. आमाला बी टायरसाठी तिकडंच जायचंय."

"किती टाइम लागंल?"

"पंधराच्या वेगानं? दीड तास."

जगननं घड्याळ बघितलं. तीनला पाच कमी होती. "वहिनी, जीप अर्ध्या तासात जाते."

"मला माहीत हाय," मी म्हणाले.

त्यानं माझ्याकडं बघितलं, मग खाटेवरच्या दोघींकडं. मग जीपवाल्याला फोन करून नको म्हणून सांगितलं, आणि स्वतः तांड्यातल्या एकाच्या मोटारसायकलवर मागं बसून पुढं निघाला.

मावशीला गाडीत चढवताना तांड्यातल्या बाया याडीसाठी वानवळा घेऊन धावल्या. ज्वारी, कुरड्या, एक जिवंत कोंबडी. बा दारात आडवे उभे राहिले. "बायानो, कायबी न्हाई. ह्या गाडीत आज निसती मानसं लादायची." मग मावशीला म्हणाले, "पारूबाई, तुमी इकडं बसा, डाव्या बिछान्यावर, पुढं. रुख्मिणी, तू तिच्याजवळ. दोघी मिळून एक पोतं भरताल."

"माजं अर्धं बी भरत न्हाई आता," मावशी म्हणाली.

गाडी निघाली. मावशीनं गाडीत इकडं तिकडं बघितलं, शेगडी बघितली, पडदे बघितले, आणि मागचं संडासाचं दार बघितलं. याडीनं तिच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी सांगितलं. एस.टी.चं सांगितलं असावं, कारण मावशीनं तिच्या मांडीवर हात ठेवला आणि ठेवूनच दिला. मग ती म्हणाली, "मला बी तसंच होतंय. म्हनून मी जगन्याला किती दिस नाई म्हनून राहिले. रातभर ट्रॅव्हल्समधी काय करू?"

तिला स्वतःला ऐकू येत नाही म्हणून ती मोठ्यानं बोलली, सगळ्या गाडीला ऐकू गेलं. बांनी काचेतून बाहेर बघायला सुरुवात केली. विकासच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. याडी मात्र हसली आणि तिला उठवून मागं घेऊन गेली. मी बादली पुढं केली.

मागं गाड्यांची रांग लागली होती. एका ट्रकवाल्यानं भोंगा वाजवला, विकासनं हात बाहेर काढून त्याला पुढं जायला सांगितलं. संतरामच्या आखाड्यापाशी सखूबाई उभी होती, तिनं लांबूनच आमच्या पोत्यांकडं बोट दाखवलं, सगळं जागेवर आहे म्हणून. निलम दोघी आज्यांच्या मधे झोपली. आणि त्या दोघी बोलत होत्या. एक कानाशी वाकायची, दुसरी मोठ्यानं उत्तर द्यायची, त्यामुळं मला अर्धंच ऐकू येत होतं. मावशीचं अर्धं. "तो मेला व्हय? कधी?" "आन तिची लेक?" "मी तुला काय सांगत व्हते, तो मानूस बराबर न्हाई म्हनून." तीन वर्षांचा सगळा तांडा त्या गाडीत उतरत होता.

सेनगाव दिसायला लागलं तेव्हा काट्यानं नकळत वीस गाठले होते. याडी पुढं वाकली आणि तिनं लेकाच्या खांद्यावर हात ठेवला.

"चाकाला सांभाळ," ती म्हणाली. "एवढी काय घाई हाय."

विकासनं पाय उचलला.

साडेचारला पोचलो. ट्रॅव्हल्सवाल्याशी मीच बोलले. वाटेत दोनदा थांबा घ्यायचा, जिथं बायांसाठी सोय आहे तिथंच, आणि कुणी उतरो न उतरो, मावशीला हाक मारायची. तो बरं म्हणाला, जगननंही मान डोलावली. मावशी खिडकीशी बसली. याडीनं खालून हात वर केला, मावशीनं खिडकीतून खाली केला, बोटं पोचेनात, म्हणून बांनी याडीला कमरेला धरून थोडं उचललं. इतक्या लोकांसमोर. ती त्यांना "सोडा" म्हणाली, पण बोटं पोचल्यावरच.

गाडी गेल्यावर याडी टायरवाल्याच्या दुकानासमोर खुर्ची टाकून बसली. टायरवाला नवीन टायर रिंगवर चढवत होता; ते बसलं की संतरामच्या लिंबाखालची पोती आणायला जायचं होतं. ती बराच वेळ त्याच्या हातांकडं बघत होती.

"दादा, ह्या टायरावर पुण्याला जाता येतं का?"

"काहून न्हाई, आजी. सामान किती असंल?"

याडीनं बांकडं एकदा बघितलं. "सामान न्हाई," ती म्हणाली. "एक म्हातारी, एक सून, एक लेकरू. दिवाळीला जायचं म्हनते."

टायरवाल्यानं हवेचा पाईप लावला. बा तिथून उठले आणि टायरवाल्याशेजारी वाकून, नवीन चाकाला बोट लावून ते किती घट्ट झालंय ते बघायला लागले.